लिनक्ससाठी ग्राफिक्स कार्ड
लिनक्सच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेताना प्रथम वेग पाहण्याची रीत मला चुकीची वाटते. प्रथम पाहावा तो ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली आणि कार्ड यांमधील दुभाषा. (भाषांतरकाराला दुभाष्याचे महत्त्व वाटणारच!) एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच असून त्याची संहिता सर्वांस खुली आहे. एनव्हिडियाने मात्र आपली संहिता दीर्घकाळ झाकून ठेवली. स्वयंसेवकांनी कार्डांचे वर्तन तपासून ‘नूवो’ हा ड्रायव्हर रचला. परंतु २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीच्या स्वाक्षरीवाचून कार्डाचा वेग वाढविता येईना. २०२२ मध्ये कंपनीने गाभ्यालगतचा भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्यूरिंग पिढीपासूनच्या कार्डांपुरता. त्याहून जुने कार्ड स्वस्तात मिळाले तरी शाळेने ते घेऊ नये; एएमडीचे थोडे मंद कार्ड पत्करावे.