उणे दोन बुद्धी

म्हैसूरच्या बन्नीमंटपात माझी भाड्याची खोली आहे. दसऱ्याची जंबू सवारी राजवाड्यावरून निघते ती इथे येऊन संपते आणि रात्री इथल्याच मैदानावर मशालींची कवायत होते. एरवी हा शहराचा एक साधा भाग. रविवारी माझ्या खोलीवर चार-पाच मित्र जमतात आणि आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि एखादं काम जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा कागद असतो. त्यावर सहा गुणांचे आकडे लिहिलेले असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. आकडा मोठा असेल तर फाशात पडलेल्या दानात भर पडते.

मी अर्धा ऑर्क घेतला. ऑर्क म्हणजे या गोष्टींमधली रांगडी, रानटी समजली जाणारी जमात. आमच्याकडचं पुस्तक २०१४ चं. त्यात अर्ध्या ऑर्कला जन्मानेच ताकद अधिक दोन आणि काटकपणा अधिक एक. २००० सालच्या आवृत्तीत ताकद अधिक दोन होतीच, पण बुद्धी उणे दोन आणि छापही उणे दोन. मी म्हटलं, माझा ऑर्क पोथ्या वाचून जादू शिकणार. सगळे हसले. मी विचारलं, जन्मावरून बुद्धी कशी ठरते? त्यावर एक जण थट्टेत म्हणाला, "तू कशाला चिडतोस? तुम्हालाही जन्मानेच अधिक दोन मिळतात की."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. वसतिगृहात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, प्रवेशाची यादी लागते त्या दिवशी. तेव्हा आपण गप्प बसतो किंवा भांडतो. त्याचं उत्तर शांतपणे द्यायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

जन्मावरून गुण वाटणारं पुस्तक आपल्याला नवं नाही. इंग्रजांनी ते आपल्यावर चालवून पाहिलं आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या कंपनीच्या सैन्यात महार शिपाई होते. तिथल्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत जोरात आला. अमुक जमाती जन्मानेच शूर, तमुक जन्मानेच नाहीत. १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद झाली. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी महूला बाबासाहेब जन्मले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं, पण भरती उघडली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली.

आता हिशेब करा. १८१८ मध्ये शूर, १८९२ मध्ये नाहीत, १९१७ मध्ये पुन्हा शूर, नंतर पुन्हा नाहीत, १९४१ मध्ये परत शूर. माणसं तीच, रक्तही तेच. बदलत होती ती नियमाची ओळ, आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात होती.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले तर नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तसलीच मापं हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. प्रतिपक्षाचा आकडा घेऊन प्रतिपक्षाला उत्तर देणं आपण त्यांच्याकडून शिकावं.

खेळ बनवणाऱ्यांनाही उशिरा जाग आली. २०२० मध्ये आलेल्या एका पुरवणी पुस्तकाने वंशाचे अधिक गुण खेळाडूला हव्या त्या रकान्यात हलवायची मुभा दिली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'रेस' हा शब्दच काढून टाकायचं जाहीर झालं. २०२४ च्या पुस्तकात अधिक गुण वंशावरून मिळत नाहीत; पात्राच्या पार्श्वभूमीवरून, म्हणजे आधीच्या कामधंद्यावरून मिळतात.

पण तुम्ही-आम्ही ते पान जरा सावकाश वाचायला हवं. शेतकऱ्याला अधिक गुण घेता येतात ते ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत. सरदार घराण्यातल्याला ताकद, बुद्धी आणि छाप यांत. लेखनिकाला चपळाई, बुद्धी आणि शहाणपण यांत. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही! गोष्ट सांगणाऱ्याने मान्य केलं तर नवी पार्श्वभूमी बनवता येते, हे खरं. छापील यादीत मात्र ती सोय नाही. अमेरिकेत वंश काढून धंदा ठेवला की प्रश्न सुटल्यासारखा वाटत असेल. आपल्याकडे धंदा हाच जन्माने मिळत आला. 'जातीचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी १९३६ लाच दाखवलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती राबणाऱ्या माणसांनाच वरखाली लावून एकमेकांपासून तोडते. त्यामुळे खेळाडूने हौसेने निवडलेला शेतकरी वेगळा आणि ज्याला दुसरं काही होताच आलं नाही तो वेगळा.

आता मित्राच्या थट्टेकडे येतो. आरक्षण म्हणजे आपल्याला मिळालेले अधिक दोन का? ते कागदावर कुठे बसतं ते पाहा. वंशाचा अधिक गुण बुद्धीच्या किंवा ताकदीच्या रकान्यात लिहिला जातो. हा माणूस आतून कसा आहे याबद्दलचा तो निकाल असतो. आरक्षण त्या रकान्यात बसतच नाही. ते टेबलाजवळची खुर्ची देतं. प्रवेशाची पट्टी वेगळी असते, हे लपवायचं कारण नाही. पण आत गेल्यावर प्रश्नपत्रिका तीच, उत्तीर्ण व्हायचे गुण तेच, पदवीही तीच. फासे आपले आपणच टाकायचे असतात.

शिवाय कागदावर न लिहिलेले अधिक गुण असतात, त्यांचं काय? घरात तीन पिढ्यांची पुस्तकं, इंग्रजी बोलणारी आई, 'कुठला फॉर्म भरू' हे विचारायला एक मामा, भाड्याची खोली मागताना अडचण न होणारं आडनाव. हे गुण जन्मानेच मिळतात, पण त्यांना कुणी कोटा म्हणत नाही. त्यांना मेरिट म्हणतात.

हा वाद ज्या शहरात आम्ही खेळत होतो तिथे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापुरात निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१८ मध्ये म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली, कारण सरकारी नोकऱ्या जवळपास एकाच जातीच्या हातात होत्या. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे धोरण पटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. कार्यक्षमता घसरेल ही भीती तेव्हाही घातली गेली. कार्यक्षमता नुसत्या परीक्षेच्या गुणांनी मोजता येत नाही, अशी भूमिका समितीने घेतली. म्हैसूर संस्थान त्यानंतर बुडालं नाही.

बन्नी म्हणजे कन्नडमध्ये शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर ठेवली आणि वर्ष संपल्यावर काढून घेतली, म्हणून दसऱ्याला इथे तिची पूजा होते. मला ते झाड पाहिलं की एकलव्य आठवतो. त्याला शस्त्र ठेवायला झाड नव्हतं आणि शिकलेलं परत घेण्याची सोयही नव्हती. आपला दसरा १४ ऑक्टोबर १९५६ चा, नागपूरचा. जन्माने दिलेला कागद त्या दिवशी लाखोंनी परत केला.

पुढच्या रविवारी मी टेबलावर एक नियम मांडला. अधिक गुण ज्याने त्याने हव्या त्या रकान्यात घ्यावेत, पण पात्र ते कुठे शिकलं आणि कुणी शिकवलं हे सांगावं. थट्टा करणारा मित्र जरा वेळ गप्प होता, मग हो म्हणाला. त्याच्या सरदाराला ते सांगायला दोन वाक्यं पुरली. माझ्या ऑर्कला अर्धा तास लागला: रात्रशाळा, उसनी पोथी, दिव्याचं तेल, शिकवायला तयार झालेली एक म्हातारी. सगळे ऐकत होते.

माझा ऑर्क आता तिसऱ्या पातळीचा जादूगार आहे.