गाळा घेताना आधी मीटर पाहा

आपला व्यापारी भाड्याने गाळा घ्यायला निघाला की बारीकसारीक सगळे पाहतो. रस्ता वाहता आहे का, शेजारी कोणाचे दुकान आहे, शटर मजबूत आहे का, अनामत किती, भाडे किती, दरवर्षी वाढ किती. घर भाड्याने घेणारा पाणी किती दिवसांनी येते ते विचारतो. परंतु भिंतीवर टांगलेल्या विजेच्या मीटरकडे मान वर करून कोणी पाहत नाही. मालक म्हणतो, "लाईट आहे, बिल तुम्ही भरत जा." आपण म्हणतो, "ठीक आहे." व्यवहार तिथेच संपतो आणि पुढचे भांडणही तिथेच जन्माला येते.

शहागंज, सिटी चौक, रोशन गेट, कटकट गेट, चंपा चौक या भागांत शिलाई, फर्निचर, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, छपाई असे शेकडो लहान धंदे भाड्याच्या जागेत चालतात. या धंद्यांत कच्च्या मालाइतकीच वीज महत्त्वाची आहे. चार दिवस वीज गेली तर कारागिराची चार दिवसांची मजुरी जाते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून विजेच्या बिलाचा प्रश्न क्षुल्लक समजू नये, असे आम्हाला वाटते.

थकबाकी जागेला चिकटते

अनेकांची अशी समजूत आहे की जुने बिल ज्याने थकवले त्याच्याकडून वसूल व्हावे, आपला त्याच्याशी काय संबंध? न्यायबुद्धीला हे पटते. इंग्लंडमध्ये साधारणतः तसेच चालते. नवा भाडेकरू पहिल्याच दिवशी मीटरचा आकडा कंपनीला कळवतो आणि त्याच्या आधीचे देणे जुन्या भाडेकरूच्या मागे जाते. आपल्याकडे नियम वेगळा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेत आधीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची थकबाकी हा त्या जागेवरील बोजा मानला गेला आणि २०२१ च्या नव्या संहितेतही तेच तत्त्व कायम राहिले. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष जागा वापरतो तो, अर्थात भाडेकरूसुद्धा.

सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात असाच निकाल दिला. नियमांत तशी तरतूद असेल, तर नवी जोडणी देण्यापूर्वी त्या जागेची जुनी थकबाकी भरण्याची अट घालता येते, असे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे "मी तर कालच आलो" हे उत्तर पुरेसे नाही.

आपल्या शहरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २०११ ते २०१४ या काळात शहराचा वीजपुरवठा जीटीएल या खासगी फ्रँचायझी कंपनीकडे होता. नंतर तो पुन्हा महावितरणकडे आला. अशा बदलांच्या काळातील जुनी बिले वर्षानुवर्षे बंद असलेल्या गाळ्यांच्या नावावर पडून असू शकतात. ३१ मार्च २०२४ पर्यंत वीज कायमची तोडलेल्या ग्राहकांसाठी महावितरणने २०२४ मध्ये अभय योजना आणली. मूळ रक्कम भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ, असे तिचे स्वरूप होते आणि जागेच्या नव्या मालकाला किंवा ताबेदारालाही तिचा लाभ घेता येत होता. बंद गाळा स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे हे आधी विचारावे.

वीज कायद्याच्या, म्हणजे २००३ च्या अधिनियमाच्या, ५६ व्या कलमात ग्राहकाला थोडे संरक्षण आहे. दोन वर्षांहून जुनी आणि मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम काढून वीज तोडता येत नाही. कंपनीला दिवाणी दाव्याचा मार्ग मात्र खुला राहतो. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. तेवढी भरल्यावर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हा हक्क माहीत नसल्यामुळे आपली माणसे एक तर घाबरून सगळे भरतात किंवा रागाने काहीच भरत नाहीत. दोन्हींत नुकसान त्यांचेच होते.

घरगुती मीटरवर दुकान

दुसरा धोका याहून मोठा आहे. राहत्या घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडून गाळा म्हणून भाड्याने दिली जाते. मीटर घरगुतीच राहतो. मालक सांगतो, "घरगुती मीटर आहे, बिल कमी येईल." भाडेकरू खूश होतो. तपासणी पथक आले की कायद्याचे १२६ वे कलम लागू होते. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. हा वापर कधीपासून चालू आहे ते ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात. शिवाय आकारणीचा आदेश जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर बजावला जातो. म्हणजे कमी बिलाचा सल्ला मालकाचा आणि कागद हातात पडतो तो भाडेकरूच्या.

घरात बसून काम करणाऱ्या कारागिरांनी मात्र यामुळे घाबरून जाऊ नये. राहत्या घराच्या एका भागात धंदा करणाऱ्यांसाठी आयोगाच्या दर आदेशांत सवलत आहे. २०२३ च्या आदेशाप्रमाणे महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू राहतो. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या आपल्या असंख्य भगिनींना या तरतुदीचा आधार आहे. अट एवढीच की ते घर खरोखर राहते असावे. नुसते दुकान थाटून त्याला घर म्हणता येणार नाही.

एक मीटर, तीन चुली

जुन्या वाड्यांतून आणखी एक पद्धत दिसते. एका मीटरवर तीन-चार बिऱ्हाडे राहतात आणि मालक सब-मीटर लावून पैसे गोळा करतो. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग आणि त्यापुढची आणखी महाग. समजा, तीन बिऱ्हाडे प्रत्येकी ९० युनिटे वापरतात. स्वतंत्र मीटर असते तर तिघेही पहिल्या टप्प्यात राहिले असते. एका मीटरवर मिळून २७० युनिटे होतात आणि त्यांतली १७० महाग टप्प्यात जातात. वीज कोणीही जास्त वापरली नाही, तरी पैसे सर्वांनी जास्त दिले. स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, हे खरे. तोही धरून हिशेब करून पाहावा. जिथे शक्य आहे तिथे स्वतंत्र जोडणी घ्यावी. कायद्याच्या ४३ व्या कलमाने मालकाप्रमाणे भोगवटादारालाही वीज मागण्याचा हक्क दिला आहे. व्यवहारात मालकाचे ना हरकत पत्र लागते. ते करार करतानाच घ्यावे, भांडण झाल्यावर ते मिळत नाही.

काही मालक सब-मीटरवर युनिटमागे मनाला येईल तो दर लावतात. आलेले बिल वापराप्रमाणे वाटून घेणे वेगळे आणि विजेचा धंदा करणे वेगळे. वीज विकण्यासाठी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. येथे आम्ही कायद्यापेक्षा पुढची गोष्ट सांगू इच्छितो. मीटर हा विजेचा तराजू आहे. माप मारणाऱ्यांची निर्भर्त्सना करणारी एक संपूर्ण सूरह कुरआन शरीफमध्ये आहे. किराणा दुकानातील तराजूत पासंग ठेवणे ज्याला हराम वाटते, त्याला सब-मीटरच्या आकड्यात पासंग ठेवणे हलाल कसे वाटावे? आकडा टाकून वीज घेणाऱ्यालाही हाच प्रश्न आहे.

शब्द असावा आणि कागदही असावा

आपल्या समाजात शब्दावर व्यवहार करण्याची रीत आहे. तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही शिकवण देणारी आयत कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे, हे आपण विसरतो. "लिहून मागितले म्हणजे अविश्वास दाखवला" ही समजूत दीनलाही धरून नाही आणि दुनियादारीलाही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे भाडेकरूची वीज किंवा पाणी वाजवी कारणाशिवाय तोडणे मालकाला मना आहे.

तेव्हा किल्ली हातात घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. मालकाकडून शेवटचे बिल आणि भरल्याची पावती मागावी. बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांकावरून थकबाकीची खात्री करावी. मीटर घरगुती, व्यापारी की औद्योगिक वर्गातला आहे आणि मंजूर भार आपल्या यंत्रांना पुरेल का, ते पाहावे. ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा आकडा वाचावा, मोबाईलवर फोटो काढावा आणि तो आकडा करारात तारखेसह लिहावा. जुनी थकबाकी निघाल्यास ती मालकाची, हे वाक्य त्यात असावे. वीज कंपनीला हे वाक्य बांधून ठेवत नाही, पण भरलेले पैसे मालकाकडून परत मागण्याचा आधार त्यानेच मिळतो. कंपनीकडील सुरक्षा ठेव कोणाची, हेही लिहावे. २०२१ च्या संहितेप्रमाणे ही ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी असते आणि वापर वाढला की वाढीव ठेव मागितली जाते. ठेव ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या खात्यात राहते आणि व्याजही तिथेच जमा होते. ती भाडेकरूने भरली असेल तर जागा सोडताना मालकाने त्याला परत केली पाहिजे.

मालकांचीही बाजू आहे. एका गाळ्याच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवा आणि वृद्ध आपल्यात कमी नाहीत. भाडेकरू तीन महिन्यांचे बिल थकवून रातोरात निघून गेला तर नोटीस त्यांच्या दारी येते. म्हणून जागा सोडतानाही तोच रिवाज असावा. दोघांनी आकडा वाचावा, शेवटच्या बिलाच्या अंदाजाइतकी रक्कम अनामतीतून राखावी आणि बिल आल्यावर उरलेला पैसा त्याच दिवशी परत करावा. अनामत या शब्दातच अमानत आहे.

बिलाबद्दल तक्रार असेल तर १९१२ या क्रमांकावर नोंदवून तिचा नंबर घ्यावा. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, असा मार्ग आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही, पण हाती कागद हवेत.

आमची एक सूचना आहे. शहरातील व्यापारी संघटनांनी आणि मोहल्ल्यांतील जाणत्या मंडळींनी एका पानाचा साधा नमुना मराठीत व उर्दूत छापून घ्यावा. त्यात मीटर क्रमांक, ग्राहक क्रमांक, ताब्याच्या दिवशीचा आकडा, ठेव आणि दोन साक्षीदारांच्या सह्या यांना जागा असावी. करारासोबत हा कागद जोडण्याची सवय लागली, तर आज कज्जे-खटल्यांत आणि तुटलेल्या नात्यांत जाणारा पैसा व वेळ धंद्यात राहील.