गोळी बाधली, की तलफ?



घरातल्या माणसाची सिगरेट सुटावी म्हणून आपण काय काय करत नाही! शपथा घालतो, अबोला धरतो, पाकिटं लपवून ठेवतो. पण तोच माणूस एकदाचा डॉक्टरांकडून सिगरेट सोडण्याची गोळी लिहून आणतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच धीर सुटतो तो आपला. माझा सुटला होता, म्हणून आज हे लिहायला बसले.

आमच्या ह्यांना डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी दिली होती. ह्यांनी मोठ्या उत्साहानं त्याच दिवशी सिगरेटही बंद केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मळमळ सुरू झाली. पाचव्या रात्री हे झोपेत ओरडून उठले. विहिरीत पडल्याचं स्वप्न पडलं होतं. दिवसा चिडचिड तर विचारूच नका. धाकट्याच्या हातून दुधाचा पेला सांडला, तर घर डोक्यावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सिगरेट परवडली, पण ही गोळी नको." मलाही तसंच वाटलं. मी गोळ्यांचं पाकीट उचललं आणि टाकून दिलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. आठवड्याच्या आत सिगरेट परत हातात आली आणि पुढं दोन वर्षं सुटली नाही. ती दोन वर्षं मी माझ्याच खात्यावर मांडते.

दुसऱ्या वेळी मी ह्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी घेत कशी होता?" हे म्हणाले, "सकाळी चहाबरोबर, उपाशीपोटी." मळमळीचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

ही गोळी काम कसं करते, ते आधी समजून घ्या. तंबाखूतलं निकोटीन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, तीच जागा ही गोळी अडवते. त्यामुळे तलफ थोडी शमते आणि सिगरेट ओढली तरी तिची पूर्वीसारखी मजा येत नाही. पहिले ३ दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, पुढचे ४ दिवस तीच सकाळ-संध्याकाळ आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅमची दोन वेळा, असा तिचा नेहमीचा क्रम. तो सहसा १२ आठवडे चालतो. सिगरेट सोडायची ती साधारण दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे पहिला आठवडा गोळी आणि सिगरेट दोन्ही चालू दिसली, तरी "पैसे पाण्यात गेले" म्हणून बोलू नका.

आता त्रासाचं. ही गोळी पूर्ण मात्रेत घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ३० जणांना मळमळतं. गोळी भरल्या पोटी आणि पेलाभर पाण्याबरोबर दिली, तर बराच फरक पडतो. न्याहारीला नुसता चहा-बिस्किट नको. पोहे, उपमा, भाकरी, काहीतरी पोटभर असावं. स्वप्नं विचित्र आणि अगदी खरी वाटावीत अशी पडतात. रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळी लवकर जेवून घेतली, तर झोप बरी लागते. डोकेदुखी, पोटात वारा धरणं, बद्धकोष्ठ हेही होतं. एवढं करूनही त्रास हटला नाही, तर डॉक्टर मात्रा कमी करून देतात. मात्रा आपण ठरवायची नाही.

चिडचिड, उदासपणा, झोप उडणं, सारखी भूक लागणं हे मात्र पुष्कळदा गोळीचं नसून सुटलेल्या सिगरेटचं देणं असतं. गोळी न घेता सिगरेट सोडणाऱ्यालाही ते चुकत नाही. पहिला आठवडा सर्वात कठीण. मग हळूहळू उतार पडतो. चहाचीही एक गंमत आहे. सिगरेटच्या धुरामुळे चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून भराभर निघून जातं. धूर थांबला की तेच चार कप जास्त चढतात, मग हात थरथरतात, झोप येत नाही. चहा निम्म्यावर आणा.

या गोळीबद्दल भीती उगाच पसरली असंही नाही. घेणाऱ्यांचं मन खचल्याच्या, आत्महत्येचे विचार आल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २००९ साली तिच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढं ८ हजारांहून अधिक लोकांवर मोठी पाहणी झाली. काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली, तेव्हा मनाच्या अशा गंभीर तक्रारींत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. २०१६ च्या डिसेंबरात ती चौकट काढली गेली. तरी डोळे उघडे ठेवायचेच.

माणूस एकदम गप्प झाला, जिवाचं बरंवाईट बोलू लागला, भलतंच वागू लागला, तोंड-ओठ-घसा सुजला, अंगावर फोड आले, छातीत दुखलं किंवा फिट आली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. गोळी अंगाला कशी लागते ते कळेपर्यंत मोटारसायकल चालवू देऊ नका. दारूबरोबर ही गोळी फार वाईट. माणूस भांडतो आणि नंतर त्याला आठवतही नाही. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी आलेली फिट, मनाचा आजार, मधुमेहाचं इन्शुलिन, दम्याच्या गोळ्या, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दुकानातून परस्पर आणायची ही गोळी नव्हे.

आमच्या जिल्ह्यात, संगमनेरला आणि नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, विडी वळून कितीतरी बायकांनी संसार ओढले. त्यामुळे विडी-सिगरेट आपल्याला घरचीच वाटते. भीती वाटते ती नव्या गोळीची. खरं तर भ्यायला हवं ते उलट.

दुसऱ्या खेपेला मी एक वही केली. गोळी कधी घेतली, आधी काय खाल्लं, झोप कशी लागली, मन कसं होतं, रोज चार ओळी. दर भेटीत ती डॉक्टरांपुढं ठेवायची. त्यामुळे सासूबाईंनाही सांगता आलं, "पाहा, मळमळ कमी होत चाललीय." ह्यांना आता अकरा महिने झाले. परवा एका लग्नात तलफ आली होती, तेव्हा हे मांडवाबाहेर न जाता माझ्याशेजारी येऊन बसले. मी काही बोलले नाही.

सोडायचं आहे पण विचारायचं कुणाला, असं वाटत असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत. आणि गोळी सुरू झालीच, तर पाकीट टाकून देण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जा. मी गेले नव्हते.