‘नव्वद टक्के’ म्हणण्याआधी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी वंदना झाल्यावर आमच्या वस्तीतल्या विहारात महिलांची बैठक घेतली. विषय होता दवाखान्याच्या वेळेचा. सकाळी दवाखाना उघडतो तेव्हा आमच्या बाया गंगापूर रोड, कॉलेज रोडला धुणी-भांडी करत असतात, नाहीतर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला गेलेल्या असतात. "ओपीडी संध्याकाळी हवी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. जवळजवळ सगळे हात वर गेले. त्याच रात्री मी निवेदन लिहिलं : ‘वस्तीतील ९० टक्के महिलांची मागणी आहे की...’

साहेबांनी निवेदन वाचलं आणि दोनच प्रश्न विचारले. "मॅडम, किती जणींना विचारलं? आणि त्या निवडल्या कशा?" मला उत्तर देता आलं नाही. निवेदन फायलीत गेलं ते गेलंच. बाहेर पडताना साहेबांचा राग आला होता, पण रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. कपाळाला हात लावून चार्टवर ‘ताप १०१’ लिहिणाऱ्या नर्सला आम्ही वॉर्डात काय म्हणायचो, ते मला आठवत होतं. मी तेच केलं होतं. थर्मामीटर न लावताच आकडा लिहिला होता.

म्हणून आज आरोग्याच्या पानावर थोडं गणित.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. अख्खं पातेलं खाऊन बघत नाही. पण शीत कुठून उचललं, याला महत्त्व आहे. वरचं शीत कच्चं असेल आणि तळाशी भात लागलेला असेल, तर एका शितावरून फसगत होते. मतांची पाहणीही अशीच असते. थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधता येतो, पण ते थोडे चिठ्ठ्या टाकून, कोणाचीही बाजू न घेता निवडलेले हवेत. माझ्या बैठकीला आलेल्या बाया म्हणजे वरचं शीत. ज्यांना रविवारीही सुट्टी नव्हती, त्या आल्याच नव्हत्या.

नीट निवड केली तरी अंदाज तो अंदाजच. खरा आकडा थोडा इकडे-तिकडे असणार. किती इकडे-तिकडे, हे सांगणाऱ्या मर्यादेला संख्याशास्त्रात ‘विश्वास अंतराल’ म्हणतात. तो ढोबळ काढायची युक्ती सातवीतल्या मुलीलाही जमेल. जितक्यांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १०० ला त्याने भागा. १०० जणींना विचारलं तर वर्गमूळ १०, म्हणून फरक १० टक्क्यांचा. ४०० जणींना विचारलं तर ५ चा. ९०० जणींना विचारलं तर साधारण सव्वातीनचा.

समजा, १०० पैकी ५५ जणी संध्याकाळची ओपीडी हवी म्हणाल्या. मग खरा आकडा ४५ ते ६५ च्या दरम्यान असावा, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. अशी पाहणी पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी अशी मर्यादा काढली, तर १०० पैकी सुमारे ९५ वेळा खरा आकडा तिच्यात सापडतो. पाचेक वेळा निसटतो.

बहुमत की योगायोग?

आता ५५ म्हणजे बहुमत झालं का? समोरचा म्हणणार, "वस्ती अर्धी-अर्धी आहे, तुम्हाला योगायोगाने पाच जास्त मिळाल्या." त्याचं म्हणणं तपासायचं कसं? कोर्टात आरोपीला आधी निर्दोष धरतात आणि मग पुरावा बघतात, तसंच. आधी त्याचंच खरं धरा : वस्ती अर्धी-अर्धी आहे. म्हणजे प्रत्येक उत्तर नाणेफेकीसारखं. नाणं १०० वेळा उडवलं तर ५५ किंवा जास्त वेळा छापा येणं काही नवल नाही. दर पाच-सहा खेळांत एकदा तसं होतं. म्हणून ५५ वर भांडता येत नाही. पण ६० किंवा जास्त छापे १०० खेळांत तीनेकदाच येतात. तेव्हा ६० मिळाले तर ‘अर्धी-अर्धी’ हे म्हणणं सोडून द्यावं लागतं. यालाच गृहीतकाची चाचणी म्हणतात. आणि ९०० जणींपैकी ५५ टक्के ‘हो’ म्हणाल्या, तर मर्यादा ५१ च्या वरच सुरू होते. मग तोच ५५ चा आकडा पक्कं बहुमत ठरतो.

मारहाण योग्य आहे का?

दुसऱ्यांचे आकडे वाचतानाही हे उपयोगी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक मत विचारतात : न सांगता बाहेर जाणं, उलट बोलणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं अशा सातपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? २०१५-१६ मध्ये देशातल्या ५२ टक्के स्त्रिया ‘हो’ म्हणाल्या, २०१९-२१ मध्ये ४५ टक्के. पुरुषांचा आकडा मात्र ४२ वरून ४४ झाला. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा २०१९-२१ मध्ये ४४ होता.

पुरुषांची ही दोन टक्क्यांची वाढ खरी की योगायोग? देशभरात लाखाच्या आसपास पुरुषांच्या मुलाखती झाल्या होत्या. इतक्या मोठ्या पाहणीत दोन टक्के योगायोगाने वाढत नाहीत. त्यामुळे ते ४४ मला टोचतात. पण उद्या एखादी संस्था म्हणाली, "आमच्या शिबिरानंतर वस्तीतला आकडा ४४ वरून ३८ झाला," आणि दोन्ही वेळा विचारलं होतं १०० जणांना, तर टाळ्या वाजवू नका. दोन पाहण्यांची तुलना करताना मर्यादा साधारण दीडपट होते. इथे ती १४ टक्के आहे आणि फरक आहे सहाचा.

तक्त्यातली चांदणी

त्याच सर्वेक्षणाच्या तक्त्यांत एक नियम आहे. ज्या गटातले लोक २५ पेक्षा कमी, त्यांचा आकडा छापत नाहीत, तिथे चांदणी असते. नियम रास्त आहे. इतक्या थोड्यांवरून काही सांगता येत नाही. पण आपला हिशेब करून बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२०० होते, म्हणजे ५.८१ टक्के. राज्यभरातून ४०० जण निवडले तर त्यात बौद्ध येतील सरासरी २३. म्हणजे आपल्या जागी चांदणी! आपला आजार, आपलं मत, सगळं त्या चांदणीमागे. म्हणून कोणी राज्याची पाहणी दाखवली तर विचारा : यात बौद्ध किती होते? आणि मागणी करा की आपल्या वस्त्यांतून पुरेशी माणसं निवडा.

१९३२ साली लोथियन समितीपुढे अनेकांनी अस्पृश्यांची संख्या कमी करून दाखवली, तेव्हा समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब त्या संख्येसाठी झगडले. कोण मोजायचं, कसं मोजायचं, हा त्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता.

आपण करायचं काय?

वस्तीत ५०० घरं असतील तर आधी यादी करा. एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून पहिलं घर ठरवा आणि तिथून पुढे दर पाचवं घर घ्या. शंभर घरं होतील. सगळी घरं एकाच गल्लीतली घेऊ नका, एका गल्लीतल्यांची मतं सारखी असतात. एका घरातून एकाच बाईला विचारा, तीही चिठ्ठीने निवडा. दाराला कुलूप असेल तर शेजारणीला विचारून भागवू नका, रात्री परत जा. जी दिवसा सापडत नाही, तिलाच संध्याकाळचा दवाखाना हवा असतो. सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर प्रश्न पुढे ढकला. भीतीने दिलेलं उत्तर कुठल्याच मर्यादेत पकडता येत नाही, लाखो जणांना विचारलं तरी. प्रश्नही सरळ हवा. ‘संध्याकाळची ओपीडी हवी ना?’ असं विचारू नका. ‘दवाखाना कोणत्या वेळी उघडा असावा?’ असं विचारा.

आणि निवेदनात लिहा : ‘चिठ्ठीने निवडलेल्या १०० महिलांपैकी इतक्या जणींनी असं सांगितलं, आकडा १० टक्के इकडे-तिकडे असू शकतो.’ कार्यकर्ते म्हणतात, मर्यादा कबूल केली तर मागणी कमजोर होते. माझा अनुभव उलटा आहे. माझे मोघम ९० टक्के दोन प्रश्नांत कोसळले. नीट मोजलेले ६५ टक्के असते, तर साहेबांच्या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर असतं.

यादी करायला मुली लागतील. दहावी-बारावीच्या मुलींना विहारात एक दुपार बसवा, वर्गमूळ त्या काढतील. दवाखाना अजूनही सकाळीच उघडतो. या वेळी निवेदन द्यायला त्या मुलींनाच सोबत नेऊ.