आमच्या शेताची माहिती कोणाच्या हाती?



आदिलाबादकडचा एक शेतकरी बांधव लग्नाच्या कापडखरेदीसाठी सुलतान बाजारात आला होता. रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याने आम्हाला आपला मोबाईल दाखविला. एका खाजगी कंपनीच्या माणसाने त्याच्या पट्टा पासबुकाचा फोटो, कापसाचे क्षेत्र, खताचा खर्च, कर्जाचा आकडा, सारे भरून घेतले होते. शेवटी संमतीचे एक इंग्रजी वाक्य तेवढे उरले होते. "फादर, दाबू का?" आम्ही म्हणालो, थांब.

थांब म्हणालो, नको म्हणालो नाही. शेतीची माहिती गोळा होणे वाईट, असे आमचे मत मुळीच नाही. येथून जवळच पाटणचेरूला 1972 साली इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. 1975 साली तिने महबूबनगर, सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील सहा गावे निवडली. सोलापूरकडची दोन म्हणजे शिरापूर व कळमण. दर गावी चाळीस कुटुंबे, त्यांत दहा मजुरांची. संस्थेची माणसे गावातच राहिली आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरी बसून पीक, मजुरी, उसनवार यांची नोंद घेत राहिली, तीही दहा वर्षे! पाऊस चुकल्यावर कोरडवाहू घर कसे तग धरते हे पुष्कळ विद्वानांना त्या नोंदींवरून कळले. 2009 पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशाने हे काम आणखी गावांत गेले, आणि ती माहिती अभ्यासकांना खुली आहे. सरकारी आणि खाजगी हात एकत्र आले की असेही होते.

आता काम मोठे झाले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तेलंगणा सरकार, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व जागतिक आर्थिक मंच यांनी हैदराबादेत 'ॲडेक्स' ही शेतीमाहितीच्या देवघेवीची व्यवस्था सुरू केली. आरंभ खम्मम जिल्ह्यातून. सरकारी खात्यांकडची माहिती कंपन्यांना मिळावी आणि तिच्या आधारे शेतकऱ्याला कर्ज, विमा, सल्ला वेळेवर मिळावा, असा तिचा हेतू. हेतू चांगला आहे.

पण आकडा चुकला तर मार कोणाला बसतो? महाराष्ट्रात 2017 साली 'महावेध' योजनेत सरकारने जागा दिली, स्कायमेट कंपनीने हवामानयंत्रे उभारली, दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत. पीकविम्यासाठी त्या यंत्रांचे आकडे धरले जातात. एका मंडळात कित्येक गावे असतात. यंत्रापाशी सर कोसळली आणि दोन कोसांवरच्या शिवारात थेंब नाही, असे कोणत्या शेतकऱ्याने पाहिले नाही? कागदावर मात्र पाऊस पडलेलाच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सरकार व कंपनी यांच्या करारात शेतकरी तिसरा पक्ष असला पाहिजे. यंत्राचा रोजचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लागावा, आणि तो खोटा वाटल्यास दाद कोणाकडे मागायची तेही तेथेच लिहावे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीचा मजकूर आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचता आला पाहिजे (मराठी त्यांत आहे, तेलुगूही), आणि दिलेली संमती मागे घेता येते. त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे, पण मराठी मजकूर मागायला आजही कोणाची आडकाठी नाही.

एक घरचे काम. सरळ उभ्या कडांचा डबा झाडापासून दूर उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळा मोजते त्याच वेळी, पट्टीने पाणी मोजून मुलांकडून वहीत लिहवून घ्या. विमा कंपनी ती वही पुरावा मानणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीपण तक्रार करताना तारीखवार बोलता येईल.

त्या बांधवाने कंपनीच्या माणसाकडे मराठी कागद मागितला आहे. हे लिहीपर्यंत तो आलेला नव्हता.