काचेवरचा बदाम

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. तरीही चकलीचा तुकडा मोडता मोडता मी ते काढणारच.

माझे भांडण आहे ‘फ्लाइटप्लॅन’ या २००५ सालच्या अमेरिकी चित्रपटाशी. धाकट्या बहिणीने आग्रह केला म्हणून तो मी घरी बसून पाहिला आणि पहिला तासभर हातातला चहा निवला तरी मला कळले नाही! विमानांची इंजिने रचणारी एक बाई बर्लिनहून न्यूयॉर्कला निघाली आहे. नवऱ्याची शवपेटी विमानाच्या पोटात, शेजारी सहा वर्षांची ज्यूलिया. बाईचा डोळा लागतो, जाग येते, तो पोर नाहीशी! कोणी तिला पाहिलेले नाही, उतारूंच्या यादीत नाव नाही, आणि बर्लिनहून निरोप येतो की मुलगी बापाबरोबरच मेली. आपल्याला मूल आहे की नाही, अशी शंका खुद्द आईलाच यावी! अशा वेळी ती खिडकीच्या काचेवर श्वास सोडते आणि पोरीने बोटाने काढलेला बदाम वाफेत उमटतो. जोडी फॉस्टरचा त्या क्षणीचा चेहरा मी विसरणार नाही.

आणि मग काय निघते? बाँब! विमानातल्या सशस्त्र रक्षकानेच एका हवाईसुंदरीला हाताशी धरून पाच कोटी डॉलर उकळण्याचा घाट घातलेला. त्यासाठी नवऱ्याचा खून, शवपेटीत स्फोटके, आणि ती पेटी आईनेच उघडावी म्हणून मुलगी लपवलेली. या महान कटाचा सारा डोलारा कशावर, तर शेकडो उतारूंपैकी एकालाही ती पोर दिसणार नाही यावर. आमच्या एस. टी.त कोणाचे मूल रडले तर पुढच्या थांब्यापर्यंत साऱ्या गाडीला त्याचे नाव ठाऊक होते!

पण बाँबाचा राग मला तर्कासाठी आलेला नाही. बहिणीचा मुलगा चार वर्षांचा असताना एका मोठ्या स्टेशनाच्या गर्दीत वीस मिनिटे हरवला होता. तिथल्या अधिकाऱ्याने तिला पहिला प्रश्न काय विचारावा? “बाई, नीट आठवा, मुलाला बरोबर आणले होते ना?” मुलगा सापडला, पण तो प्रश्न तिच्या मनातून गेलेला नाही. आईच्या शब्दाला माणसे इतक्या सहज खोटे का ठरवतात, हा चित्रपटाचा खरा विषय होता. तो हातात असताना दिग्दर्शकाने टाकून दिला. चित्रपट संपल्यावर बहीण एवढेच म्हणाली, “बाँब निघाला नसता, तर हिला वेडीच ठरवले असते ना रे?”

कोणी म्हणेल, या चित्रपटाने जगभरात वीस कोटी डॉलरांहून अधिक मिळवले, तुम्ही कोण मोठे लागून गेलात? गर्दी झाली हे मान्य. जत्रेत ती पाळण्याभोवतीही होते.

शिवाय हा काचेचा खेळ उसना आहे. हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये आगगाडीतून एक म्हातारी नाहीशी होते, आणि तिने डब्याच्या काचेवर बोटाने लिहिलेले नाव तेवढे मागे राहते. तिथेही म्हातारीला पाहिल्याचे कोणी कबूल करत नाही, पण का? दोघांना क्रिकेटचा सामना चुकेल अशी धास्ती, आणि एका वकिलाला बरोबरच्या बाईमुळे आपली अब्रू जाईल अशी. अशी क्षुद्र, ओळखीची, आपल्याच शेजारची वाटणारी कारणे! त्या खोटे बोलणाऱ्यांत मी मला पाहिले. विमानातल्या उतारूंत मी कोणालाच पाहिले नाही.

तेव्हा यंदा फराळानंतर मुलाबाळांना घेऊन काही पाहायचेच असेल, तर १९३८ सालचा तो जुना काळापांढरा चित्रपट लावा. आम्ही भाऊबीजेला तोच लावणार आहोत.