पंचम लागायच्या आधीच

आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या गायिकाबाईंनी यमन मांडला होता. विलंबित एकताल. नि-रे-ग एवढ्यातच त्या रमल्या होत्या, तीव्र मध्यमाला नुसतं शिवून पुन्हा गंधारावर येत होत्या. पंचम अजून दाखवलाही नव्हता. तेवढ्यात समितीतल्या एका उत्साही गृहस्थांनी त्यांच्या पुढ्यात चिठ्ठी ठेवली : ‘आता जरा फास्ट घ्या, जेवण तयार आहे.’ बाईंनी ती वाचली, हसल्या, द्रुत तीनताल धरला, मागोमाग एक अभंग, की संपलं. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

माझं भांडण त्या चिठ्ठीशी आहे. अतिविलंबितात एकतालाच्या १२ मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट सहज घेतं. उस्ताद अमीर खाँसाहेब १४ मात्रांचा झुमरा इतका संथ घेत की समेची वाट बघण्यातच अर्धी मैफल रंगायची. चार-सहा आवर्तनांत राग जेमतेम डोळे उघडतो. तिथेच त्याला उठवून पानावर बसवायचं?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा केला नव्हता का? केला होता. पण ती मर्यादा तबकडीची होती, खाँसाहेबांची हौस नव्हे. त्या काळात मैफली रात्र रात्र चालत. आणि ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाचा दाखला नकोच. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवात पहाटेपर्यंत गाणं व्हायचं. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली आणि ते थांबलं. तिथे कायदा आडवा आला. इथे आपणच आपल्याला आवळून घेतो, तेही मसालेभाताच्या पातेल्यासाठी.

त्या दिवशी शेजारी बसलेल्या लेकीने मला विचारलं होतं, “बाबा, गाणं कधी सुरू होणार?” बाई तेव्हा गातच होत्या. लेकीला काय बोल लावणार? तिने घरात काय पाहिलंय? आम्ही बातम्या दीडपट वेगाने ऐकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा निरोप येतो, ऐंशीची बाई थांबत, आठवत, मध्येच खोकत बोलते. तोही मी गाडीत दीडपट वेगानेच लावतो. इकडे पुरणाची डाळ कुकरमध्ये, शनिवारी पोहणं, बुद्धिबळ आणि मराठी शाळा एका दमात.

जरा जास्तच उपदेश झाला, माफ करा. समितीची मंडळी नोकऱ्या सांभाळून खुर्च्या मांडतात, शाळेचा हॉल दहाच्या ठोक्याला रिकामा करून द्यायचा असतो, पोरं पेंगुळतात. सगळं कबूल. पण मग जेवण आधी ठेवा ना! जेवून आलेल्या श्रोत्याला डुलकी लागली तर लागू दे, गाणाऱ्याचं त्याने काही अडत नाही.

तेव्हा येत्या पाडव्याला एकच कलाकार बोलवा, आणि पहिला पूर्ण तास विलंबिताला द्या. ज्यांना बाहेर गप्पा मारायच्या आहेत त्यांनी खुशाल माराव्यात, दार तेवढं लोटून घ्यावं. हॉलच्या वाढीव भाड्यात वाटा उचलायला जे तयार असतील त्यांनी समितीकडे नावं द्यावीत. यादीत पहिलं नाव माझं लिहा.